तीव्र फुप्फुसधमनी अंतर्कीलन : इको तपासणी व रुग्णाच्या जगण्याचा अंदाज (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना :
पायाच्या खोल शिरांत साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसधमनीत अडकणे म्हणजे तीव्र फुप्फुसधमनी अंतर्कीलन होय. अंथरुणास खिळलेले रुग्ण, मांडीचे हाड मोडलेले अपघातग्रस्त, बाळंतिणी व कर्करोगी यांना हा धोका अधिक असतो. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढते. निश्चित निदान सी.टी. अँजिओग्राफीने होते. रुग्ण वाचेल की नाही हे मात्र गुठळीच्या आकारापेक्षा हृदयाच्या उजव्या निलयावर अधिक अवलंबून असते.

उजव्या निलयाची अवस्था :
उजव्या निलयाची भिंत पातळ असते. पूर्वी निरोगी असलेल्या निलयास फुप्फुसधमनीत पाऱ्याच्या ४० मिलिमीटरहून अधिक सरासरी दाब एकाएकी निर्माण करता येत नाही. ते फुगते, मधला पडदा डावीकडे ढकलला जातो, डाव्या निलयात रक्त कमी भरते आणि अखेरीस रक्तदाब कोसळतो. रक्तदाब कोसळण्यापूर्वीच हा क्रम इकोच्या पडद्यावर दिसू लागतो, हेच या तपासणीचे खरे मोल. उजवे निलय डाव्यापेक्षा मोठे दिसणे, तसेच त्रिदल झडपेच्या कड्याची आकुंचनकाळातील हालचाल १६ मिलिमीटरहून कमी असणे, ही धोक्याची चिन्हे मानली जातात.

सात देशांतील ५२ रुग्णालयांच्या २,४५४ रुग्णांची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीन महिन्यांतील मृत्युप्रमाण १७.४ टक्के होते आणि उजव्या निलयाची मंदावलेली हालचाल हा मृत्यूचा स्वतंत्र निदर्शक ठरला. इटलीतील २०९ रुग्णांचा २००० सालचा अभ्यास अधिक बोलका आहे. रक्तदाब उत्तम, पण निलय दुर्बल अशा ६५ रुग्णांपैकी ६ जणांस पुढे आघातावस्था आली व तिघे दगावले. रक्तदाब व निलय दोन्ही ठीक असलेल्यांत या आजाराने एकही मृत्यू झाला नाही.

तथापि दुर्बल निलय दिसताच सर्वांना गुठळी विरघळविणारे औषध देणे योग्य नव्हे. २०१४ च्या सुमारे हजार रुग्णांच्या चाचणीत त्या औषधाने रक्ताभिसरण कोसळण्याचे प्रमाण घटले, परंतु मेंदूतील रक्तस्राव वाढला. अशा रुग्णास हेपारिन सुरू करून सतत देखरेखीखाली ठेवणे व रक्तदाब घसरला तरच ते औषध वापरणे इष्ट.

स्थानिक संदर्भ :
येथे एक फसगत संभवते. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात वावरलेल्या स्त्रिया, जुने दमेकरी, संधिवाताने झडप आकुंचित झालेले वा सिकलसेलचे रुग्ण यांचे उजवे निलय आधीच ताणलेले असू शकते. भिंत ५ मिलिमीटरहून जाड व दाब फार चढलेला आढळल्यास ताण जुना समजावा. केवळ फुगलेले निलय पाहून नवी गुठळी गृहीत धरू नये. उलटपक्षी, इको सर्वसाधारण आली म्हणून अंतर्कीलन नाहीच, असेही म्हणता येत नाही.

उमरखेड वा झरी जामणीहून रुग्ण यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा पुढे सावंगी, सेवाग्राम, नागपूर येथे नेताना प्रवासातच अवस्था पालटू शकते. संशय दाट असून रक्तस्रावाची भीती नसेल, तर हेपारिनची पहिली मात्रा निघण्यापूर्वीच द्यावी आणि इकोचा निष्कर्ष, नाडी, रक्तदाब व प्राणवायूचे प्रमाण वेळेसह संदर्भ-चिठ्ठीवर नोंदवावे. पुढच्या डॉक्टरांस निलय सुधारते आहे की ढासळते आहे, हे त्या नोंदीवरूनच ताडता येते.