रिकाम्या 'कोक ड्रम'मधली हवा रिफायनरीला एवढी का घाबरवते?

कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून झालं की तळाशी डांबरासारखा घट्ट गाळ उरतो. तो भट्टीत साधारण 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून अनेक मजले उंच पोलादी टाकीत सोडतात. हलका भाग वाफ होऊन वरून निघून जातो, खाली दगडी कोळशासारखा 'पेट कोक' साचतो. ही टाकी म्हणजे कोक ड्रम. जामनगर, पानिपतच्या रिफायनऱ्यांत असे ड्रम आहेत.

ड्रम जोडीने चालतात. एक भरत असताना दुसऱ्यातला कोक थंड करतात, झाकणं उघडतात आणि प्रचंड दाबाच्या पाण्याने तो फोडून काढतात. मग झाकणं पुन्हा बंद. पण आत आता हवा भरलेली असते.

आग लागायला इंधन, ऑक्सिजन आणि ठिणगी लागते, असं आपण शाळेत शिकलो. इथे ठिणगीचीही गरज नाही. तेलाची वाफ इतकी तापलेली असते की ऑक्सिजन मिळताच ती आपोआप पेटू शकते. 25 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅनाकॉर्टिस इथे याच्या उलट दिशेने अपघात झाला. वीज गेल्यामुळे बंद पडलेला ड्रम गार झाला असं समजून तळाचं झाकण उघडलं. आतलं गरम तेल बाहेर आलं आणि हवा लागताच पेटलं. सहा कामगारांचा जीव गेला.

म्हणून बंद ड्रममध्ये आधी स्टीम सोडतात. ती खालून शिरते आणि हवेला वरच्या व्हेंटमधून बाहेर ढकलते. गंमत अशी, की सुरुवातीला ड्रमचं पोलाद गार असतं, त्यामुळे बरीचशी स्टीम भिंतींना लागून पाणीच होते. त्यामुळे नुसतं घड्याळ बघून चालत नाही. ड्रम वरपर्यंत तापला का आणि व्हेंटमधून स्टीमचा जोरदार, सलग झोत येतोय का, हे पाहावं लागतं. घाईत स्टीम लवकर बंद केली आणि व्हेंट उघडाच राहिला, तर आतली स्टीम आक्रसते आणि बाहेरची हवा परत आत ओढली जाते. सगळी मेहनत वाया!

हवा गेल्यावर व्हेंट बंद करून स्टीमच्याच दाबाने झाकणं गळत नाहीत ना, हे तपासतात. तळाशी साचलेलं पाणीही काढून टाकतात. तापलेल्या फोडणीत ओला चमचा पडला तर काय होतं, ते आठवा. इथे तर टाकीभर तेल असतं. मगच शेजारच्या ड्रममधली तेलाची गरम वाफ हळूहळू आत घेतात आणि काही तास पोलाद तापल्यावर तेलाचा व्हॉल्व्ह या ड्रमकडे फिरवतात.