छायाचित्रातील सत्य आणि संपादन

वास्तवदर्शी छायाचित्रावर कोणताही संस्कार करू नये, असा एक समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. कॅमेरा आपल्या डोळ्यांप्रमाणे पाहत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. भर उन्हात पांढऱ्या गणवेशातील विद्यार्थ्यांचे समूहचित्र घेतले, की कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि सावळे चेहरे काळवंडतात. अशा वेळी चेहऱ्यांवरील उजेड वाढवणे म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले परत मिळवणे होय. अंधारखोलीतही निगेटिव्हवरून चित्र छापताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ राखला जात असे.

मर्यादा ओलांडली जाते ती वस्तुस्थिती बदलताना. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकात, उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून, गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवण्यात आले. त्यावर पुढे बरीच टीका झाली. कारण पाहणाऱ्याचा विश्वास त्या चित्रावर होता.

आम्हांस याहून जवळचा वाटतो तो चेहरे गोरे करण्याचा प्रघात. मोबाइलमध्ये ही सोय आता आपोआप चालते. सावलीत हरवलेला चेहरा दिसू देणे आणि सावळा चेहरा गोरा करणे, या दोन्ही गोष्टी उजेड वाढवूनच होतात. पण पहिलीत मूल दिसते, दुसरीत ते पुसले जाते. 'तू जसा आहेस तसा दाखवण्याजोगा नाहीस', असेच आपण त्याला सांगत असतो. माणसाचे मोल जन्मावरून ठरवणे नाकारणाऱ्या परंपरेत याला स्थान असू नये.

जुन्या चित्रांबाबतही विवेक हवा. बाबासाहेबांच्या कृष्णधवल छायाचित्रांत आज भरले जाणारे रंग बहुधा अंदाजाचे असतात. ती चित्रे भिंतीवर शोभतात, पण पुरावा मूळ प्रतच असते. ज्यांच्या पूर्वजांची नोंद ग्रंथांत क्वचितच झाली, त्यांच्यासाठी घरातील पिवळे पडलेले छायाचित्र हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे.

म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती आहे: मूळ प्रत कधीही टाकू नये. धूळ व ओरखडे काढायचे असल्यास ते नकलेवर काढावेत. चित्रातील माणसांची नावे, स्थळ व दिनांक मागे पेन्सिलीने लिहावेत आणि कोणता बदल केला तेही नोंदवावे. असत्य न बोलण्याचे शील आपण वाणीपुरते घेतलेले नाही. चित्रही बोलतच असते.