मधपेटी हलवताना माशीचे वय लक्षात घ्या

कांदा बीजोत्पादनाच्या किंवा सूर्यफुलाच्या शेतातील मधपेटी शंभर-दोनशे फूट सरकवली, की बऱ्याच माश्या जुन्याच जागी घिरट्या घालत राहतात. त्यातल्या अनेक पेटीत परततच नाहीत. यामागे माशीचे वय आणि स्मरणशक्ती यांचा संबंध आहे.

मेंदू थकतो तो बाहेरच्या कामाने

हंगामात मेलिफेरा जातीची कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते. पहिले दोन-तीन आठवडे ती पेटीत पिल्लांना भरवते, पोळे बांधते. त्यानंतर मकरंद व पराग आणायला बाहेर पडते. सुमारे १५ दिवसांहून अधिक काळ बाहेर फिरलेल्या माश्या नवा वास शिकण्यात मागे पडतात, असे प्रयोगांत दिसले. तेवढ्याच वयाच्या, पण पेटीत पिल्ले सांभाळणाऱ्या माश्यांत ही घट दिसली नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पेटीतील तरुण माश्या काढून घेतल्या. तेव्हा फिरत्या माश्यांपैकी काही पुन्हा पिल्ले सांभाळू लागल्या आणि त्यांतील अनेकींची शिकण्याची क्षमता सुधारली. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हाताऱ्या माशीला घराची जुनी जागा पक्की आठवते. ती सोडून नवी जागा लक्षात ठेवणे मात्र काही माश्यांना जमत नाही.

शेतात काय करावे?

- पेटी शेतातच हलवायची असेल, तर दररोज दोन-तीन फूटच सरकवा. लांब न्यायची असेल, तर पाच किलोमीटरपेक्षा दूर न्या. वाहतूक रात्री, दार बंद करून करा.
- पीक ५ ते १० टक्के फुलोऱ्यात आल्यावर पेट्या ठेवा. आधी ठेवल्यास माश्यांना आजूबाजूच्या इतर फुलांची सवय लागते.
- फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी टाळा. अगदीच गरज पडली, तर मधपाळाला आधी कळवून, माश्या परतल्यावर सायंकाळी करा. फिरत्या माश्या मेल्या, की कोवळ्या माश्या वेळेआधी बाहेर पडतात. त्या कमी फेऱ्या करतात आणि लवकर मरतात.
- पेटी भाड्याने घेताना दारावरची वर्दळ पाहून समाधान मानू नका. मधपाळाला चौकटी उघडून दाखवायला सांगा. अंडी, अळ्या आणि झाकलेली घरे भरपूर असतील, तरच थकलेल्या माश्यांची जागा घ्यायला नव्या माश्या मिळत राहतील आणि परागीभवन फुलोरा संपेपर्यंत टिकेल.