सूक्ष्मदर्शकाचें भिंग आणि कॅमेरा

आमचे तीर्थरूप महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. त्यांनीं स्वहस्तें तयार केलेल्या स्लाइडांची एक सागवानी पेटी आमच्या माळ्यावर पुष्कळ वर्षें पडून होती. तींत एकंदर ११२ कांचपट्ट्या आहेत. देठांचे व मुळांचे आडवे छेद, नेच्यांचे बीजाणू, आणि गांवाबाहेरच्या तळ्यांतून वेळोवेळीं आणलेलीं शेवाळें असा तो संग्रह असून प्रत्येक पट्टीवर त्यांच्या बारीक अक्षरांत नांव व तारीख लिहिलेली आहे. तें तळें आतां बुजलें असून त्यावर घरें उभीं राहिलीं आहेत. गेल्या चैत्रांत माळा आवरतांना पेटी खालीं आली, तेव्हां आढळलें कीं, कांहीं पट्ट्यांवरील लाइट ग्रीनचा रंग जवळजवळ उडून गेला आहे, आणि कव्हरस्लिपच्या कडेचें कॅनडा बाल्सम पिवळें पडून त्यास भेगा गेल्या आहेत. आमच्या मातोश्रींनीं दोनचार पट्ट्या उजेडापुढें धरून पाहिल्या व एवढेंच म्हटलें, "आहे तें जाण्याआधीं उतरवून ठेवा."

काम सोपें वाटलें. घरांत तीर्थरूपांचा जुना सूक्ष्मदर्शक होता, आणि आमच्या कन्येपाशीं चांगला कॅमेरा होता. एकावर दुसरा ठेवला कीं झालें, अशी आमची समजूत! या समजुतीपायीं आम्हांस त्या संग्रहांतील एक पट्टी कायमची गमवावी लागली. आमच्यासारखेंच जुनें धन ज्यांच्या घरीं असेल, अथवा मुलांसाठीं सूक्ष्मदर्शक घेऊन त्यांतील दृश्य टिपण्याची ज्यांस हौस असेल, त्यांस आमचा अनुभव उपयोगीं पडावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

तीर्थरूपांच्या वह्यांत या सर्व स्लाइडांच्या आकृती असतांना छायाचित्रें कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आकृती सुंदर आहेत, यांत शंका नाहीं. परंतु आकृति काढणारा माणूस पुस्तकांत वाचलेलेंही नकळत काढतो, आणि जें त्यास अनावश्यक वाटतें तें गाळतो. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यास हीच गोष्ट खटकत होती. जंतूंच्या हातानें काढलेल्या आकृतींवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून त्यानें सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून जंतूंचीं छायाचित्रें घेतलीं व तीं १८७७ सालीं प्रसिद्ध केलीं. पुढें १८८३-८४ मध्यें पटकीच्या जंतूचा शोध घेत जो कॉख कलकत्त्यास येऊन राहिला होता, तोच हा. या कॉखास येना येथील अर्न्स्ट आबे या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें तयार केलेल्या भिंगांचें मोठें साहाय्य झालें. आणि भिंग निवडतांना जी एक गोष्ट समजून घेणें अवश्य आहे, ती याच आबेनें १८७३ सालीं जगापुढें मांडली होती.

सूक्ष्मदर्शक पाहणारा प्रत्येक गृहस्थ प्रथम विचारतो, "हा किती पट मोठें दाखवितो?" दुकानदारही तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापतो. वस्तूच्या बाजूस असलेलें जें वस्तुभिंग, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, त्यावर दोन आकडे शेजारीं शेजारीं कोरलेले असतात, उदाहरणार्थ, ४०/०.६५. पैकीं ४० हा पटींचा आकडा होय. दुसऱ्यास न्यूमरिकल अपर्चर म्हणतात. स्लाइडवरील एका बिंदूपासून पंख्याप्रमाणें पसरणारे किरण तें भिंग किती रुंद कोनांतून गोळा करूं शकतें, याचें तें माप. आबेचा सिद्धांत असा कीं, दोन रेघा किती जवळ असल्या तरी वेगळ्या दिसतील, हें त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतें, पहिल्यावर नव्हे. प्रकाशाच्या लहरीची लांबी घ्यावी आणि तीस अपर्चरच्या दुपटीनें भागावें. हें सूत्र येना येथें त्याच्या स्मारकावर कोरलेलें आहे.

हिरव्या प्रकाशाची लहर सुमारें ०.५५ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या हिशेबानें १०/०.२५ हें भिंग १.१ मायक्रॉनपर्यंत, ४०/०.६५ हें सुमारें ०.४२ मायक्रॉनपर्यंत, आणि तेलांत बुडवून वापरावयाचें १००/१.२५ हें ०.२२ मायक्रॉनपर्यंत रेघा वेगळ्या करतें. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम नांवाच्या डायटमच्या कवचावरील ठिपक्यांच्या ओळी सुमारें अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरावर असतात. म्हणून भिंगाची परीक्षा घेण्यास तें कवच फार दिवसांपासून वापरलें जातें. दहा पटींच्या भिंगांतून हें कवच निव्वळ गुळगुळीत दिसतें. त्याचें छायाचित्र घेऊन तें भिंतीएवढें मोठें केलें तरी ओळी उमटणार नाहींत. जें भिंगानें आणलेंच नाहीं, तें कॅमेरा कोठून देणार? ढोबळ नियम असा कीं, एकंदर पटी अपर्चरच्या ५०० ते १००० पटींच्या आंत असाव्या. त्यापुढें चित्र मोठें होतें खरें, पण तें पाणी घातलेल्या दुधासारखें.

आम्हीं हें सर्व नंतर वाचलें. आधीं काय केलें तें आतां सांगतों.

तीर्थरूपांच्या सूक्ष्मदर्शकाचें ४० पटींचें भिंग धुरकट झालें होतें, म्हणून आम्हीं एक नवें मागविलें. त्यावर 'प्लॅन' हा शब्द होता. हा शब्द छायाचित्रकारास महत्त्वाचा आहे. साध्या भिंगांतून मध्यभाग स्पष्ट केला कीं कडा अस्पष्ट होते. डोळ्यानें पाहतांना माणूस स्क्रू फिरवीत राहतो आणि त्याचें कांहीं अडत नाहीं, पण कॅमेरा एकाच क्षणाचें चित्र घेतो. प्लॅन भिंग सर्व क्षेत्र एकाच वेळीं स्पष्ट दाखवितें. तेव्हां खरेदी योग्य झाली अशा समाधानांत आम्ही होतों. भिंग जुन्या यंत्रांत नीट बसलें, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या पुष्कळ भिंगांचे आटे एकाच मापाचे असतात. चित्रही दिसलें. मात्र त्यावर एक पांढुरकें मळभ होतें. कितीही पुसलें तरी जाईना. आठ दिवस आम्हीं स्लाइडांना दोष दिला. शेवटीं कन्येनें भिंग हातीं घेऊन विचारलें, "बाबा, येथें हा आडवा आठ कसला कोरला आहे?"

तो आडवा आठ म्हणजे अनंताचें चिन्ह. जुन्या पद्धतीचीं बहुतेक भिंगें १६० मिलिमीटर लांबीच्या नळीसाठीं घडविलेलीं असतात व त्यांवर १६०/०.१७ असें कोरलेलें असतें. हल्लींच्या संशोधनोपयोगी यंत्रांत भिंगांतून किरण समांतर निघतात आणि नळींतील दुसरें एक भिंग त्यांचें चित्र बनवितें. अशा वस्तुभिंगावर अनंताचें चिन्ह असतें. पहिल्या पद्धतीच्या यंत्रांत दुसऱ्या पद्धतीचें भिंग घातलें, तर चित्र मिळतें, पण त्याचा मूळचा तेज घांसलेपणा जातो. पांचसहा पटींच्या लहान भिंगांत हा फरक फारसा जाणवत नाहीं. चाळीसच्या पुढें मात्र तो पदरीं येतोच. भिंग चित्र देण्यास साफ नाकारतें, तर आम्ही लवकर शहाणे झालों असतों.

दुसरा आकडा ०.१७, म्हणजे कव्हरस्लिपची जाडी मिलिमीटरांत. तीर्थरूपांनीं मिळेल ती कव्हरस्लिप वापरली होती, आणि बाल्समचा थरही कोठें जाड, कोठें पातळ. कोरड्या ४० च्या भिंगास ही जाडी सोसत नाहीं; तेलाच्या भिंगास पुष्कळ अंशीं सोसते, कारण तेल, कांच व बाल्सम यांतून जातांना प्रकाश फारसा वळत नाहीं.

आतां त्या गमावलेल्या पट्टीविषयीं. तीर्थरूपांची जुनीं भिंगें आखूड होतीं. बसण्याच्या कडेपासून स्लाइडपर्यंत सुमारें ३७ मिलिमीटर. नवीं भिंगें या मापानें ४५ मिलिमीटरचीं असतात. दहाच्या जुन्या भिंगांतून स्पष्ट करावें व चकती फिरवून चाळीसचें आणावें, ही हाताची जुनी संवय. नवें भिंग आठ मिलिमीटर खालीं आहे, हें त्या हातास काय ठाऊक? ज्येष्ठांतल्या एका रात्रीं चकती फिरविली, 'कट्' असा आवाज झाला, आणि पेटींतील एकुलती एक व्हॉल्व्हॉक्सची पट्टी कव्हरस्लिपसकट चिरडली गेली. त्या तळ्यांतलें तें हिरव्या गोलकांचें शेवाळ पुन्हां आणावयाचें म्हटलें तरी तळें कोठें आहे? मातोश्रींस सांगण्याचें धैर्य आम्हांस दोन दिवस झालें नाहीं. तेव्हांपासून एकच नियम पाळतों: चकतीवरील सर्व भिंगें एकाच लांबीचीं, एकाच पद्धतीचीं, आणि शक्य तर एकाच कारखान्याचीं असावींत. नवें भिंग आम्हीं परत केलें व १६० च्या पद्धतीचें, आखूड, वापरलेलें पण स्वच्छ असें भिंग मिळविलें.

कॅमेरा जोडण्याच्या प्रकरणांत आमचा गर्व असाच उतरला. कॅमेऱ्याचें भिंग काढून नुसता कॅमेरा नळीवर बसवावा आणि वस्तुभिंगाचें चित्र सरळ सेन्सरवर पाडावें, हा मार्ग सर्वांत शुद्ध दिसतो. हिशेबही जुळतो. दहाच्या भिंगाचा १.१ मायक्रॉनचा तपशील सेन्सरवर ११ मायक्रॉनचा होतो, चाळीसचा सुमारें १७ चा, शंभरचा २२ चा. सेन्सरचे कण चार मायक्रॉनच्या आसपास असले तरी तेवढ्यानें भागतें. कोट्यवधी जास्त कणांसाठीं पैसे घालविण्यांत अर्थ नाहीं. पण वस्तुभिंगाचें चित्र नळीच्या वरच्या कडेच्याही सुमारें १० मिलिमीटर खालीं, म्हणजे नळीच्या आंत पडतें. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत सेन्सर तोंडापासून १६ ते २० मिलिमीटर मागें असतो, तर आरशाच्या कॅमेऱ्यांत ४४ च्या पुढें. नळी आंखूड केल्याशिवाय दोहोंची गांठ पडत नाहीं. कॅमेरा तसाच वर ठेवून स्क्रूनें चित्र वर ओढलें, तर नळी लांब केल्याचाच दोष येतो.

आम्हीं एका यंत्रकारागिराकडून आंखूड नळी करून घेतली. चित्र मध्यभागीं उत्तम आलें. कडेस मात्र प्रत्येक पेशीच्या एका बाजूस लाल व दुसऱ्या बाजूस निळी किनार! याचें कारण असें कीं, जुन्या पद्धतीच्या कित्येक भिंगांत रंगांचा थोडा दोष मुद्दाम ठेवलेला असतो व तो त्यांच्या जोडीच्या नेत्रभिंगानें काढावयाचा असतो. हीं दोन भिंगें म्हणजे एक जोडपें आहे. आम्हीं नेत्रभिंग काढून टाकलें आणि अर्धा संसार कॅमेऱ्यांत घातला. निकॉनच्या सीएफ मालिकेसारख्या कांहीं भिंगांत हा दोष वस्तुभिंगांतच काढलेला असतो. तेथें सरळ मार्ग चालतो. आपल्या भिंगाची जात कोणती, हें आधीं पाहावें.

त्याच रात्रीं कन्येनें आपला मोबाइल जुन्या नेत्रभिंगावर धरून एक चित्र घेतलें, आणि तें आमच्या खटपटीच्या चित्राहून सरस निघालें. किनार नाहीं, कडेपर्यंत स्पष्ट. मग आम्हींही हट्ट सोडला. कॅमेऱ्यास त्याचें ५० मिलिमीटरचें भिंग परत लावलें, तें अनंतावर स्थिर केलें, आणि नेत्रभिंगावर उलटा टांगला. नेत्रभिंगापाशीं पातळ कागद धरून वरखालीं केला म्हणजे एका जागीं लहान तेजस्वी ठिपका अगदीं बारीक होतो. कॅमेऱ्याचें भिंग त्या ठिपक्याच्या जितकें जवळ नेतां येईल तितकें न्यावें, नाहींतर चित्राच्या कडा काळ्या पडतात. मध्यें प्रकाश शिरूं नये म्हणून नळसामानाच्या दुकानांतून आणलेला पीव्हीसी नळीचा तुकडा आंतून काळा कागद लावून बसविला. मात्र तो सूक्ष्मदर्शकास टेकूं दिला नाहीं. कॅमेऱ्याचा पडदा उघडतांना बसणारा हिसका चाळीस पटींनीं वाढतो, हें विसरतां कामा नये. ज्यांच्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक पडद्याची सोय असेल, त्यांनीं ती अवश्य वापरावी.

वरच्या मजल्यावरील लांकडी टेबल रस्त्यावरून गाडी गेली तरी थरथरे. घरांत खरोखर स्थिर जागा एकच निघाली, ती स्वयंपाकघरांतील कडाप्प्याचा ओटा. त्यावर हें यंत्र ठेवूं देण्यास मातोश्री सहसा तयार झाल्या नसत्या. पण सामान तीर्थरूपांचें, म्हणून रात्रीं दहानंतर परवानगी मिळाली.

प्रकाशाबद्दल थोडें. आगुस्ट कोलर यानें १८९३ सालीं सांगितलेली प्रकाशाची मांडणी आजही प्रमाण मानतात. आमच्या आरशाच्या यंत्रांत ती पूर्णपणें साधत नाहीं, म्हणून दिव्यापुढें घांसलेली कांच ठेवून काम भागवितों. कंडेन्सरखालचें छिद्र मात्र प्रत्येक भिंगागणिक लावून घ्यावें: नेत्रभिंग काढून नळींत डोकावलें असतां प्रकाशाचें वर्तुळ भिंगाच्या तोंडाच्या सुमारें तीन चतुर्थांश भरलेलें दिसावें. छिद्र फार मिटलें तर रेघा ठळक दिसतात व नवशिका खुश होतो, पण अपर्चरसाठीं दिलेले पैसे तेथेंच बुडतात. फिकट झालेल्या पट्ट्यांस एक उपाय फार लागू पडला. दिव्यापुढें हिरवी कांच ठेवून कृष्णधवल चित्र घ्यावें. साधीं भिंगें हिरव्या प्रकाशांतच सर्वांत चोख असतात, आणि सॅफ्रॅनिनचा उरलासुरला तांबडा रंग त्या प्रकाशांत गडद होतो. तुळशीच्या देठाचा जो छेद डोळ्यास निव्वळ गुलाबी धुक्यासारखा दिसे, त्यांतील काष्ठवाहिन्यांचीं वर्तुळें एकेक मोजतां आलीं.

प्रत्येक भिंगानें एकदां मापपट्टीचें छायाचित्र घेऊन ठेवावें. स्टेज मायक्रोमीटर नांवाच्या कांचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेले असतात. कॅमेरा, नेत्रभिंग किंवा त्यांतील अंतर बदललें कीं हें चित्र पुन्हां घ्यावें लागतें.

आजपावेतों ९७ पट्ट्यांचीं छायाचित्रें झालीं आहेत. चौदांवर कव्हरस्लिप फार जाड आहे. त्यांसाठीं जाडीप्रमाणें कडें फिरवून जुळवितां येणारें भिंग कोणी उसनें देईल काय, याची चौकशी चालू आहे. व्हॉल्व्हॉक्सचें छायाचित्र नाहीं. त्या जागीं तीर्थरूपांच्या वहींतील आकृति लावली असून तिच्याखालीं 'हातानें काढलेली' असें कन्येनें लिहिलें आहे.