आठवड्याचा बेत आणि घरचा बाजार

संसाराचें गाडें ज्या लहानसहान गोष्टींवर चालतें, त्यांत ‘आज जेवावयास काय करावयाचें?’ हा प्रश्न अग्रस्थानीं आहे. तो प्रत्येक घरांत दिवसांतून दोन वेळां उपस्थित होतो, आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत त्याचें उत्तर कोणासही ठाऊक नसतें. मग कोपऱ्यावरच्या दुकानीं मुलास पिटाळण्यांत येतें, मिळेल तें मिळेल त्या भावानें आणिलें जातें, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर पाकीट हलकें कां झालें याचा उलगडा होत नाहीं. या नित्याच्या अडचणीवर एक साधा उपाय आहे. आठवड्याच्या सातही दिवसांचा बेत आधीं ठरवावा, व त्या बेताच्या आधारानें बाजार करावा. तो कसा करावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ गृहिणींचा आहे, असें आमच्या विद्यार्थ्यांनीं समजूं नये. भारत सरकारनें २०२३-२४ सालीं केलेल्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणींत असें दिसून आलें कीं, शहरांत खर्च होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांपैकीं जवळजवळ चाळीस रुपये अन्नावर जातात, व खेड्यांत सत्तेचाळीस. शहरांतील त्या चाळिसांपैकीं सुमारें अकरा रुपये तयार खाद्यपदार्थ, पेयें व उपाहार यांवर जातात. धान्य, भाजी, दूध इत्यादि कोणत्याही एका सदराहून ही रक्कम मोठी आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं असा सिद्धान्त मांडिला कीं, कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या उत्पन्नाचा अधिक मोठा भाग अन्नावर खर्च होतो. तेव्हां ज्या घरांत पैसा थोडा, त्या घरास बाजाराच्या पिशवींतील चूक अधिक जाचते, हें उघड आहे. घरभाड्यांत अथवा शाळेच्या फींत काटछाट करणें आपल्या हातीं नसतें. पिशवींत काय घालावें हें मात्र असतें.

आठवड्याच्या हिशेबानें बाजार करणें ही नागपुरास नवीन गोष्ट नव्हे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी हीं आपल्या शहरांतील नांवेंच वारांचीं आहेत. बाजार आठवड्यांतून एकदां भरत असला म्हणजे पुढील सात दिवसांचा विचार करणें गृहिणीस प्राप्तच असे. आज रामदासपेठेंत राहणाऱ्यास दाराबाहेर पडतांच दुकान दिसतें, आणि मोबाइलवर बोट टेकवितांच सामान घरपोंच येतें. सोय वाढली, पण पूर्वविचाराची संवय सुटली.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. पहिली पायरी म्हणजे बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्याच स्वयंपाकघरांत फेरी मारणें. शनिवारीं सायंकाळीं डबे व फ्रिज उघडून काय शिल्लक आहे तें लिहावें. दुसरी पायरी बेताची. वहींत सात ओळी आंखून प्रत्येक दिवसाचीं दोन जेवणें लिहावीं, व शिल्लक जिनसांस प्रथम स्थान द्यावें. कोणाचा उपास आहे, पाहुणा कधीं येणार, कोणत्या दिवशीं आईस कामावरून परतण्यास उशीर होणार, हें त्याच वेळीं ध्यानांत घ्यावें. एक जेवण मुद्दाम रिकामें ठेवावें, तें उरल्यासुरल्यासाठीं. तिसरी पायरी यादीची. बेतास जें लागेल त्यांतून घरांत जें आहे तें वजा करावें. उरेल तेवढीच यादी. यादींत नसलेली वस्तु दुकानांत मोहक दिसली, तर ती पुढील आठवड्याच्या पानावर लिहून ठेवावी. सात दिवसांनीं तिची आठवणही राहिली नाहीं, तर ती गरजेची नव्हती असें समजावें.

किती आणावें हाही प्रश्न अंदाजावर सोडूं नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं १९१८ सालीं कुन्नूर येथें आरंभिलेल्या संशोधनांत आहे. या संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारसूचनांत २००० कॅलरींच्या एका दिवसाच्या ताटासाठीं २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळें, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें अथवा अंडीं-मांस, ३५ ग्रॅम तेलबिया व सुका मेवा, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असें प्रमाण दिलें आहे. चार माणसें व सात दिवस यांनीं गुणिलें असतां धान्य ७ किलो, भाजी सुमारें ११ किलो, डाळी सुमारें २ किलो ४०० ग्रॅम, आणि तेल-तूप अवघें पाऊण किलो होतें. मुलांच्या वयाप्रमाणें यांत कमीजास्त करावें. आपली यादी या आंकड्यांशीं एकदां ताडून पाहावी. तेल अधिक व भाजी कमी असें आढळल्यास पैसा कोणीकडे वळवावयाचा, हें निराळें सांगावयास नको.

भाजी आणिल्यावर ती ज्या क्रमानें नासते त्याच क्रमानें संपवावी. पालक, मेथी व सांबार (कोथिंबीर) पहिल्या दोन दिवसांत. वांगीं, भेंडी, गवार त्यानंतर. आणि कोहळें, बटाटे, कांदे आठवड्याच्या अखेरीस. भाजी अगदींच संपली, तर डब्यांतील बेसनाचें पिठलें अथवा पातोडीची भाजी दोन दिवस निभावून नेते. एकदां शिजविलेली तुरीची डाळ रात्रीं वरणास व दुसऱ्या दिवशीं पालक घालून डाळभाजीस चालते. मात्र उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां शिजलेलें अन्न उघड्यावर ठेवून काटकसर साधेल, या भ्रमांत राहूं नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालांत भारतीय घरांतून दरडोई दरसाल सुमारें ५५ किलो अन्न, सालीं-देंठांसह, टाकून दिलें जातें असा अंदाज आहे. चार माणसांच्या घरास हें प्रमाण आठवड्यास चार किलोंहून अधिक पडतें.

खरेदीच्या जागेचाही हिशेब असतो. किराण्यास इतवारी व भाजीस कॉटन मार्केट स्वस्त, हें सर्वांस ठाऊक आहे. पण रामदासपेठेंतून तेथें जाण्यायेण्याचें भाडें लाभांतून वजा करावयास हवें. दोन किलो भाजीसाठीं गोकुळपेठेचा बाजार बरा. शेजारच्या चार बिऱ्हाडांनीं याद्या एकत्र करून एकास पाठविलें, तर मात्र दूरचा बाजारही परवडतो. बांधीव पुड्यांवर निव्वळ वजन व कमाल किंमत छापणें कायद्यानें बंधनकारक आहे. तीं दोन्ही वाचून भागाकार करावा. समजा, ५०० ग्रॅमचा पुडा ९० रुपयांस व १ किलोचा १९० रुपयांस आहे. लहान पुड्यांत १०० ग्रॅम १८ रुपयांस पडतात व मोठ्यांत १९ रुपयांस. मोठा पुडा नेहमीं स्वस्तच असतो, ही समजूत अशा रीतीनें पांचवीच्या गणितानें खोटी ठरते.

हंगामाचाही उपयोग करून घ्यावा. नवें धान्य आल्यावर गहूं, तुरीची डाळ यांची वर्षाची बेगमी करणें, त्यांस कडक ऊन देणें, डाळीस एरंडेल तेलाचा हात लावणें, आणि वैशाखांत मुगवड्या, शेवया, कुरडया व सांडगी मिरची घालणें, ही आपल्या वऱ्हाड-नागपूरची जुनी रीत होय. भाजी महाग होते तेव्हां हेंच वाळवण उपयोगी पडतें. ज्यांस एकदम रक्कम काढणें शक्य नाहीं, त्यांनीं दरमहा एकाच जिनसाचा सांठा करावा. कर्ज काढून बेगमी करूं नये.

तथापि स्वस्ताई म्हणजे काटकसर नव्हे. पूर्व विदर्भांत पिकणारी लाखोळीची डाळ तुरीहून स्वस्त असे. परंतु तीच मुख्य अन्न म्हणून दीर्घकाळ खाल्ल्यानें पाय लुळे पडण्याचा विकार जडतो असें आढळल्यावरून केंद्र सरकारनें १९६१ सालीं तिच्या विक्रीस बंदी घातली. थोडक्या पैशांच्या बचतीसाठीं सुटें, संशयास्पद तेल अथवा भडक रंगाची हळद घेणाऱ्यानें हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हीं शेवटीं राखून ठेविली आहे. बेतावांचून चालणाऱ्या घरांत अन्न कमी पडलें, तर तें कोणाच्या ताटांतून कमी होतें? बहुधा जी शेवटीं जेवते तिच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याचीं कारणें अनेक आहेत. पण अपुरें व निकस जेवण हें त्यांतील एक होय. ‘मला भूक नाहीं’ असें आईनें म्हटलें म्हणजे तें खरें मानून उठून जाणें मुलांस सोयीचें असतें. म्हणून बेताच्या वहींत जेवणाऱ्यांची संख्या लिहितांना स्वयंपाक करणारीस प्रथम मोजावें, व तिच्या वांट्याची डाळ, भाजी आणि दूध यादींत स्पष्ट धरावें. तिचें ताट रितें ठेवून शिल्लक पडलेला पैसा हा नफा नसून ऋण आहे, आणि तें पुढें दवाखान्यांत व्याजासह फेडावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, येत्या शनिवारीं वही व पेन्सिल घेऊन आपल्या आईजवळ बसा. यादी तुम्ही लिहा, भागाकार तुम्ही करा, आणि पिशवी वडिलांसह तुम्ही उचला. असे चार आठवडे हिशेब ठेवून पहिल्या व चौथ्या आठवड्याची बेरीज शेजारीं शेजारीं मांडा. किती रुपये वांचले हें तर कळेलच. पण त्या चार आठवड्यांत घरांतील सर्व माणसें किती वेळां एकत्र बसून जेवलीं, तेंही त्याच पानावर लिहून ठेवा.