मुंबईतील शहर-उपनगर भेद

मुंबईतील शहर-उपनगर भेद म्हणजे मुंबई बेटावरील मूळ शहर आणि त्याच्या उत्तरेस साष्टी बेटावर वसलेली उपनगरे यांच्यात असलेला प्रतिष्ठेचा भेद, परस्परांविषयीचे पूर्वग्रह व चढाओढ. बोलीत मूळ शहराच्या दक्षिण भागाला 'टाउन', 'साउथ बॉम्बे' किंवा अलीकडे 'सोबो' असे म्हटले जाते. शहराची सीमा सामान्यतः पश्चिमेस माहीम व पूर्वेस शीव येथे मानली जाते. वांद्रे व कुर्ल्यापासून उपनगरे सुरू होतात. हा भेद केवळ थट्टेचा विषय नाही. वाहतूक, वीजपुरवठा, बांधकामाचे नियम, रुग्णालये व कचराभूमी यांच्या वाटपातही तो दिसून येतो.

लोकसंख्येच्या दृष्टीने उपनगरे शहरापेक्षा कितीतरी मोठी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३०.८५ लाख, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे ९३.५७ लाख होती. २००१ ते २०११ या दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली व उपनगर जिल्ह्याची वाढली. मुंबईतील ३६ विधानसभा मतदारसंघांपैकी १० शहरात व २६ उपनगरांत आहेत. तरीही 'खरी मुंबई' कोणती, या प्रश्नाचे रूढ उत्तर दीर्घकाळ दक्षिणेकडेच बोट दाखवत आले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

'उपनगर' ही संज्ञा साष्टी व ठाण्याच्या परिसराला लागू होत असली, तरी या परिसरातील अनेक वस्त्या मुंबई शहरापेक्षा प्राचीन आहेत. ठाणे हे शिलाहारकाळातील महत्त्वाचे नगर होते. कल्याण व सोपारा ही प्राचीन बंदरे होती. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष सापडले आहेत. मुंबईची बेटे १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे व १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. १७३७-३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी जिंकली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिच्यावरील त्यांचा ताबा कायम झाला. अशा रीतीने माहीमची खाडी ही शतकाहून अधिक काळ दोन राजवटींमधील सीमा होती.

शहराची 'आतली' व 'बाहेरची' ही विभागणी खाडीच्याही आधी किल्ल्याच्या तटबंदीने केली होती. तटाच्या आतील वस्तीला 'कोट' व बाहेरच्या वस्तीला 'बाहेरकोट' म्हणत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली. त्या काळी भायखळा, परळ व माझगाव हे भाग श्रीमंतांच्या बागबंगल्यांची 'उपनगरे' होते. गव्हर्नरांचे निवासस्थानही परळला होते. पुढे तेथे गिरण्या आल्या, वस्ती दाट झाली आणि प्रतिष्ठित वर्ग मलबार हिलकडे सरकला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखीव वसाहत उभारली; विसाव्या शतकाच्या आरंभी ती उपनगरच मानली जाई. आज दादरकर स्वतःला निःशंकपणे शहरवासी म्हणवतो. उपनगराची रेषा स्थिर नसून ती सतत उत्तरेकडे सरकत आली आहे, हे यावरून दिसते.

खाडीवरील दळणवळण सुधारल्यावर साष्टीचे रूपांतर झपाट्याने झाले. माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांध १८४५ मध्ये खुला झाला. त्याचा खर्च जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६७ मध्ये पश्चिमेकडे विरारहून शहरात येणारी गाडी धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ पासून बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेवरील गाड्या आल्या. नोकरीसाठी रोज शहरात जाऊन रात्री उपनगरात परतणारा मध्यमवर्ग या सोयींमुळे निर्माण झाला.

प्रशासकीय विभागणी

१९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण करण्यात आला. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरी व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. महसुली कामासाठी १९९० मध्ये बृहन्मुंबईचे पुन्हा मुंबई शहर व मुंबई उपनगर असे दोन जिल्हे करण्यात आले. उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्रे येथे असून अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तालुके आहेत. महापालिका एक व जिल्हे दोन, अशी ही रचना आहे.

महापालिका एक झाली तरी सर्व सेवा एक झाल्या नाहीत. बेस्ट उपक्रमाच्या बसगाड्या दोन्ही भागांत धावतात. पण बेस्टचा वीजपुरवठा माहीम व शीवपर्यंतच आहे. त्यापुढील ग्राहकांना अन्य कंपन्यांची वीज मिळते व त्यांचे दर वेगळे असतात. ऑटोरिक्षांना शहरात परवानगी नाही. त्यामुळे वांद्रे व शीव येथे रिक्षा थांबतात आणि पुढे काळी-पिवळी टॅक्सी धरावी लागते. शहर कोठे संपते हे नवख्या माणसाला नकाशापेक्षा रिक्षावरूनच लवकर कळते.

भेदाची लक्षणे

शहर व उपनगर यांतील भेद बोलण्यात सहज प्रकट होतो. अंधेरी किंवा मुलुंडचा रहिवासी महापालिकेच्या हद्दीतच राहत असूनही फोर्ट-चर्चगेटला जाताना 'टाउनला जातो' असे म्हणतो. जुन्या पिढीतील उपनगरवासी तर 'मुंबईला जातो' असेच म्हणत. उलट, दक्षिण मुंबईच्या सुखवस्तू वर्गात वांद्र्यापलीकडे जाणे हा प्रवासच मानण्याची रीत आहे; 'तिकडे जायला पासपोर्ट लागतो' ही या वर्गाच्या नावावर खपवली जाणारी थट्टा सर्वपरिचित आहे. पत्त्याला मिळणारे महत्त्व विवाहाच्या बोलण्यांतही दिसते. 'मुंबईत स्वतःची जागा' या अटीतील मुंबई कोठे संपते, यावर मराठी कुटुंबांत वाद होत आले आहेत.

उपनगरांची प्रत्युत्तरेही ठरलेली आहेत. शहरातील इमारती जुनाट, खोल्या कोंदट व पागडीच्या. आमच्याकडे हवा, झाडे व स्वतःच्या मालकीचा ब्लॉक, असा त्यांचा दावा असतो. वांद्र्याला 'उपनगरांची राणी' म्हटले जाते. विलेपार्ल्याचा अभिमान संस्थांवर उभा आहे. तेथील पार्ले टिळक विद्यालय १९२१ मध्ये व लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये स्थापन झाला. दादर-गिरगावइतकेच आपणही मराठी संस्कृतीचे केंद्र आहोत, ही पार्लेकरांची भावना या संस्थांमुळे दृढ झाली.

उपनगरांतील अंतर्गत उतरंड

प्रतिष्ठेची ही उतरंड शहर आणि उपनगर या दोनच पायऱ्यांवर थांबत नाही. ज्याला दक्षिणेकडून हिणवले जाते, तो बहुधा उत्तरेकडे पाहून तेच करतो. पश्चिम रेल्वेवरील रहिवासी मध्य रेल्वेवरील व हार्बर मार्गावरील उपनगरांना कमी लेखतात. एकाच स्थानकाच्या पश्चिमेस राहणारे पूर्वेकडील वस्तीला दुय्यम मानतात. दहिसर व मुलुंडच्या पुढील मीरा-भाईंदर, वसई-विरार, ठाणे व कल्याण-डोंबिवली यांना 'मुंबईबाहेरचे' ठरवले जाते. दूरध्वनीचा संकेतांकही यात भर घालतो: ठाणे व नवी मुंबईला मुंबईचाच ०२२ मिळाला, तर वसई-विरारला ०२५० व कल्याण-डोंबिवलीला ०२५१.

या चढाओढीचे सर्वांत उघड रूप लोकलमध्ये दिसते. संध्याकाळच्या विरार गाडीत बोरिवली किंवा त्याअलीकडील प्रवासी चढल्यास लांब पल्ल्याचे प्रवासी दार अडवून त्यांना उतरू देत नाहीत, अशा घटना वृत्तपत्रांनी वेळोवेळी नोंदवल्या आहेत. 'तुम्हाला दुसऱ्या गाड्या आहेत, आम्हाला हीच' हा त्यामागचा युक्तिवाद. येथे तुच्छतेपेक्षा टंचाई हे भांडणाचे कारण आहे. शहराने दूर ढकललेल्या दोन गटांत उभे राहण्याच्या जागेसाठी संघर्ष होतो.

कारणे

घरांची टंचाई हे या भेदामागील मुख्य कारण आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठली. गिरगाव, परळ, लालबाग येथील कुटुंबे वाढली, पण खोल्या वाढल्या नाहीत. पुढच्या पिढीने बोरिवली, दहिसर, ठाणे, डोंबिवली येथे ब्लॉक घेतले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये व उंच इमारती आल्या. परळचा कामगार उत्तरेकडे गेला आणि 'लोअर परळ' हा पत्ता महाग झाला. म्हणूनच आज उपनगरांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा भेद परक्यांनी केलेला अपमान नसून आपल्याच सोडलेल्या घराची आठवण आहे.

नियोजनाच्या नियमांनीही हा कल दृढ केला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहरासाठी १.३३ व उपनगरांसाठी १.०० असा मूळ चटईक्षेत्र निर्देशांक होता. मात्र हस्तांतरणीय विकास हक्क शहरात वापरता येत नसत. शहरात निर्माण झालेले हक्कही उपनगरांतच वापरावे लागत. परिणामी वाढीव बांधकामाचा भार उपनगरांच्या अरुंद रस्त्यांवर व नाल्यांवर पडला.

सोयी आणि भार यांचे वाटप

शहराच्या गरजा भागवण्यासाठी उपनगरांचा वापर फार पूर्वीपासून होत आला आहे. मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० मध्ये साष्टीत बांधण्यात आला. शहराचा कत्तलखाना आधी वांद्र्यास व नंतर देवनारला गेला. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. पुढे मुलुंड, गोराई व कांजूरमार्ग येथेही कचरा टाकण्यात आला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहतीही मोठ्या प्रमाणात मानखुर्द व माहुल परिसरात उभ्या राहिल्या. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात देवनार-गोवंडीचा एम पूर्व विभाग सर्वांत खालच्या क्रमांकावर होता.

याउलट केईएम, नायर, जे. जे. व शीव ही मोठी सार्वजनिक शिक्षण-रुग्णालये शहराच्या हद्दीत आहेत. मंत्रालय, उच्च न्यायालय व महापालिकेचे मुख्यालय दक्षिण टोकाला असल्याने दहिसरच्या रहिवाशाला साध्या कामासाठी दिवस मोडावा लागतो. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील पथकरामुळे ठाणे-मुलुंडसारख्या सलग वस्त्यांमध्येही जणू वेस उभी राहिली होती. हलक्या वाहनांना त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये सूट मिळाली.

बदलते चित्र

बेटावरील ताण कमी करण्यासाठी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली. त्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पण दक्षिणेच्या वर्चस्वाला मोठे आव्हान वांद्रे-कुर्ला संकुलाने दिले. राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार व अनेक बँका तेथे गेल्या. उच्च न्यायालयाचे नवे संकुलही वांद्रे पूर्वेस उभारण्याचे ठरले. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१४ ची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो व आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो यांनी प्रवासाची दिशा अंशतः बदलली. आता शहरातील नोकरदारही कामासाठी उपनगरात जातो.

साहित्य व चित्रपटांत

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' मध्ये गिरगावी चाळसंस्कृतीचे, तर 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटात अपुऱ्या जागेतील संसाराचे चित्रण आहे. निशिकांत कामत दिग्दर्शित 'डोंबिवली फास्ट' (२००५) चा नायक रोज लोकलने प्रवास करणारा डोंबिवलीकर नोकरदार आहे.

अन्य शहरांतील साधर्म्य

पुण्यात पेठांमधील रहिवासी व कोथरूडसारखी उपनगरे, तसेच पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्यात अशीच चढाओढ आढळते. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनबाहेरून पूल व बोगद्यांमार्गे येणाऱ्यांना 'ब्रिज अँड टनेल' असे हिणवले जाते. पॅरिसमध्ये १९७३ मध्ये पूर्ण झालेला वर्तुळाकार महामार्ग शहर व 'बाँल्यू' म्हणजे उपनगरे यांच्यातील सामाजिक सीमा मानला जातो. मुंबईत तीच भूमिका माहीमची खाडी बजावते.