पाऊस, हवा आणि डोंगरावरचे गवत

गवताची किंमत गुरे पाळणाऱ्याला सांगावी लागत नाही. दावणीला एकच म्हैस असली, तरी दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत तिचे पोट भरायचे ते साठवलेल्या गवतावर नि पेंढ्यावर. हे गवत कशाने वाढते आणि हल्ली त्यात काय फरक पडतो आहे, ते आज आपण समजून घेऊ.

मीरा-भाईंदर हे आता मोठे शहर आहे. २००२ साली येथे महानगरपालिका झाली. पण मूळची ही खेडीच. राई, मुर्धा, मोर्वा या बाजूला मिठागरे आणि भातखाचरे होती. काशी, चेणे, घोडबंदर या बाजूला डोंगर आणि गवत. ठाणे जिल्ह्यातले गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. आता इमारती वाढल्या, चराऊ रान कमी झाले. म्हणून जे उरले आहे, ते जपायला हवे.

गवत काय खाते? मुळे जमिनीतून पाणी आणि खत ओढतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पानेही हवेतून एक वायू घेतात. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. आपण त्याला कर्बवायू म्हणू. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून हा वायू आत जातो. उन्हाच्या जोरावर पान पाणी आणि कर्बवायू यांची साखर करते. त्या साखरेवर गवत वाढते. मात्र छिद्र उघडले की पानातले पाणीही वाफ होऊन बाहेर जाते.

आता हा कर्बवायू हवेत वाढतो आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की तो तयार होतो. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मोजणी सुरू केली, तेव्हा तो सुमारे ३१५ भाग भरला. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे.

कोणी म्हणेल, ‘मग बरंच झालं की! खाणं वाढलं, गवतही वाढेल.’ पण गोष्ट इतकी सोपी नाही.

भातासारख्या पिकाला जादा कर्बवायूचा थेट फायदा होतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि आपल्या डोंगरावरची बहुतेक गवते यांची जात निराळी. त्यांना थोडा कर्बवायूही पुरतो. जादा मिळाला तर ती छिद्रे जरा मिटून घेतात आणि पाणी वाचवतात. उघडीप पडली तर एवढा आधार होतो. पण जमिनीत ओलच नसेल, तर वाचवणार काय?

दुसरी गोष्ट कसाची. पाला वाढला आणि जमिनीतले नत्र तेवढेच राहिले, तर गवत निकस होते. गाईचे पोट भरते, पण दूध भरत नाही.

तिसरी गोष्ट पावसाच्या वेळेची. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर शास्त्रज्ञांनी माळावर जादा कर्बवायू सोडून कित्येक वर्षे गवत मोजले. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. वर्षाचा एकूण पाऊस किती, यावर फायदा ठरत नव्हता. तो कोणत्या ऋतूत पडला, यावर ठरत होता. तिथले हवामान थंड, आपले उष्ण. पण पावसाची वेळ महत्त्वाची, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो संथ पडला तर जमिनीत मुरतो. धो धो पडला तर माती घेऊन खाडीला जातो. २६ जुलै २००५ रोजी जवळच सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे तीन फूट पाणी! एवढ्या पाण्यातले डोंगरावरच्या गवताला किती मिळणार? उलट मुळांखालची माती जाते. मग पंधरा दिवस उघडीप पडली, की पातळ मातीवरचे गवत माना टाकते. परतीचा पाऊस लांबला, तर कापलेले गवत भिजून काळे पडते.

पाऊस आपल्या हाती नाही. पण पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत.

पहिल्या पावसाचे कोवळे गवत लगेच चारू नये. त्याला मूळ धरू द्यावे.

उताराला आडवे चर खणावेत, दगडांचे बांध घालावेत. पाणी तेथे थांबते, माती राहते.

उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावू नये. जमीन उघडी पडते आणि पहिल्याच सरीत माती वाहून जाते.

बांधावर शेवरी लावावी. तिच्या पाल्यात नत्र भरपूर असते. निकस गवतासोबत तो गुरांना द्यावा.

गवत फुलोऱ्यात असताना कापावे. आपण भाताची कापणी उरकून मग गवताला हात घालतो. तोवर बी गळून त्याच्या काड्या होतात, कस जातो. फुलोरा दिसला की दोन-तीन दिवसांचे ऊन पाहून निदान एक तुकडा तरी आधी कापावा. चांगले वाळवून उंचवट्यावर गंजी रचावी.

हवेत कर्बवायू कितीही वाढो, मातीत ओल आणि कस नसेल तर गवत गुरांना पोसणार नाही. म्हणून आम्ही सांगतो, आभाळाकडे जरूर पाहावे, पण आपल्या पायांखालची माती आधी राखावी.